माशांचं पारणं

गेल्या वर्षातले एकशे त्र्याऐंशी दिवस मी घराबाहेर होतो. आकडा अंदाजाचा नाही, माझ्या डायरीत प्रत्येक मुक्काम लिहिलेला असतो. माझं काम मोठे वजनकाटे तपासण्याचं आहे. उसाने भरलेला ट्रक ज्यावर उभा राहतो, तसले. हंगामात एका कारखान्यावरून दुसऱ्या कारखान्यावर जायचं आणि हंगाम संपला की खताची गोदामं, लोखंडाच्या वखारी असं फिरायचं. बायको गारगोटीच्या एका हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवते. रोजचं जाणं-येणं झेपेना म्हणून तिने तिथेच खोली घेतली आहे. ती शनिवारी दुपारी येते आणि सोमवारी पहिल्या एसटीने जाते. मुलगी नोकरीला पुण्यात. म्हणजे कोल्हापुरातलं आमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर आठवड्यातले चार-पाच दिवस कुणाचंच नसतं.

एकदा नऊ दिवसांच्या दौऱ्यावरून परतलो, कुलूप उघडलं आणि सवयीने म्हणालो, "आलो." कुणाला म्हणालो ते माझं मलाच कळेना. फ्रिज तेवढा घरघरत होता. त्याच आठवड्यात मी ठरवलं की या घरात, दार उघडल्यावर माझ्याकडे बघेल असं काहीतरी जिवंत हवं. कुत्रा शक्य नव्हता. गॅलरीतल्या कुंड्यांचं आम्ही काय करतो ते दिसतच होतं. म्हणून मासे.

काचेची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करता पाणी अडतीस लिटर. दुकानदाराने चार गोल्डफिश दिले, पन्नास ग्रॅम खाद्याचा डबा दिला आणि सांगितलं, दिवसातून एक चिमूट. मी खूश. चिमूट हे माप कसलं, हा प्रश्न मला त्या वेळी पडायला हवा होता. आयुष्य मापात गेलेल्या माणसाला तो पडला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढचा दौरा सहा दिवसांचा होता. किल्ली समोरच्या मामांकडे दिली. मामा म्हणजे आमच्या मजल्यावरचे शेजारी, धंद्याने आचारी. लग्नाकार्यात पाचशे-हजार माणसांचा तांबडा-पांढरा रस्सा त्यांच्या हातचा असतो. माणूस लाखातला. मी त्यांना सांगितलं, रोज एक चिमूट. ते म्हणाले, काळजी सोडा.

सहा दिवसांनी दार उघडलं तर पाणी ताकासारखं झालं होतं आणि चारही मासे वर तरंगत होते.

मामांना वाईट वाटलं, पण त्यांना त्यात आपली चूक काही दिसेना. "सायेब, मी एक दिवस चुकवला न्हाय. सकाळी, दुपारी, सांजच्याला, तिन्ही टायमाला घातलं."

मी म्हणालो, एकदाच सांगितलं होतं की.

"व्हय, पण तुमच्या घरचं पावणं ते. पावणं उपाशी ठिवून मी जेवायला बसू व्हय?"

माझ्याकडे एक खिशात मावणारा काटा आहे, सोनाराच्या दुकानात असतो तसला. तो ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. मी तो टेबलावर ठेवला, वर कागद ठेवला, शून्य केलं आणि मामांना म्हणालो, घाला एक चिमूट. मामांनी डब्यात पाची बोटं घातली. काट्यावर आलं एक पूर्णांक आठ ग्रॅम. मग मी माझी चिमूट घातली. शून्य पूर्णांक शून्य सहा. म्हणजे मामांची एक चिमूट माझ्या तीस चिमटींएवढी होती. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. तो हात पाचशे माणसांच्या पातेल्यात मीठ सोडणारा हात होता. दिवसाला तीन, सहा दिवसांच्या अठरा, म्हणजे बत्तीस पूर्णांक चार ग्रॅम. डबा उलटा करून मोजला तर चौतीस गेले होते. वरचे एक पूर्णांक सहा ग्रॅम इकडेतिकडे सांडले असतील. हिशेब असा चोख जुळल्यावर मला जरा बरं वाटलं, हे कबूल करतो. मासे मेलेलेच होते, पण का मेले ते दशांशापर्यंत कळलं होतं.

पुन्हा चार गोल्डफिश आणले आणि दुसऱ्या वेळी मी सहा पुड्या बांधल्या. प्रत्येक पुडीत शून्य पूर्णांक शून्य सहा ग्रॅम खाद्य आणि वर वार लिहिलेला. खाद्याचा डबा कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. मामांनी पुडी उघडून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. एखाद्याने लग्नाच्या पंगतीत पानावर एक शीत वाढलं तर आपण जसं बघू, तसं. पण शब्द दिला.

तो शब्द त्यांनी पाळला. शनिवारी मी परत आलो तेव्हा सहाही पुड्या रिकाम्या होत्या आणि ओळीने घडी घालून ठेवलेल्या होत्या. मासे मात्र पुन्हा वर तरंगत होते. तळाशी भिजून फुगलेलं काहीतरी दिसलं, ते चमच्याने काढलं. शेंगदाणा होता. मग आणखी एक. मग कुरमुरे, मग कढीपत्त्याचं एक पान. जयसिंगपूरचं भडंग.

मी चौकशी केली. कुणी काही लपवलं नाही, हे आमच्या बिल्डिंगचं वैशिष्ट्य. दोन पुड्यांच्या मधल्या वेळात मामांना माशांची दया आली होती. किल्ली त्यांच्याकडे आहे आणि आत मासे एकटेच आहेत, ही बातमी खालीवर पसरली होती. मग प्रत्येक जण "जरा बघून येतो" म्हणून आला आणि रिकाम्या हाताने कुणी आला नाही. कुणी चपातीचा तुकडा आणला, कुणी भात, कुणी बिस्किटाचा चुरा. आमच्याकडे पाहुण्याच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत आणि माशांना तर सगळ्यांनी पाहुणे ठरवलं होतं. मी बेरीज केली तेव्हा दिवसाला नऊ जेवणं निघाली. भडंग नक्की कुणाचं ते कळलं नाही. पण मामा म्हणाले, तिखट नव्हतं हो, पोरं खातात तसलं होतं.

बायको त्याच दुपारी गारगोटीहून आली. तिने टाकी बघितली, टेबलावर वाळत ठेवलेला शेंगदाणा बघितला. ती फार बोलत नाही, शिक्षिका असूनही. म्हणाली, "अहो, तिसऱ्यांदा असं झालं तर या टाकीत मी कांदे ठेवणार. हवेशीर आहे, पाच किलो आरामात मावतील." ती गंमत नव्हती. जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या घरात आठ मासे हकनाक मेले होते आणि तिला त्याचा खरोखर त्रास झाला होता. माझ्या डोळ्यांसमोर मात्र पुढच्या दौऱ्याहून परतल्यावरचं दार आलं. उघडतो, "आलो" म्हणतो आणि काचेतून माझ्याकडे पाच किलो कांदे बघतात.

मी पुन्हा दुकानात गेलो. दुकानदाराला सगळं सांगितलं, आकड्यांसकट. तो इतका हसला की दुसरं गिऱ्हाईक थांबून राहिलं. मग म्हणाला, "पावणं, तुमचं मासे उपाशी मरत न्हाईत, जेवून मरत्यात. मोठा मासा आठ-दहा दिवस न खाता आरामात राहतोय. टाकीत झाडं दाट लावा, मासे थोडे ठेवा आणि मग काही म्हणजे काही करू नका. एवढं जमतंय का बघा."

एवढंच तर जमत नव्हतं.

पण मी कामाला लागलो. तळाशी मळ्यातली चाळलेली माती चार सेंटिमीटर, वर बारीक वाळू एक सेंटिमीटर. झाडांचा प्रश्न बायकोनेच सोडवला. पुढच्या शनिवारी ती एसटीतून उतरली तेव्हा हातातल्या पिशवीत हायड्रिला होती. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाला वापरतात ती पाणवनस्पती. "प्रात्यक्षिकातली उरली होती," म्हणाली. पिशवी जवळजवळ दोन किलोची होती. एवढी कुठल्या प्रात्यक्षिकात उरते ते मी विचारलं नाही.

दिव्याला टायमर लावला, रोज सात तास. महिन्याभरात हायड्रिलाचं रान झालं. मग सहा गप्पी आणल्या, दोन नर, चार माद्या. मी घरी असताना मुद्दाम त्यांना दोन दिवस काही घातलं नाही, मग चार, मग सात. वहीत नोंदी केल्या. सातव्या दिवशी त्या पहिल्या दिवसापेक्षा चपळ होत्या. पानांवरचं शेवाळ टिपत होत्या, गॅलरीतून येऊन पाण्यात अंडी घालणाऱ्या डासांच्या अळ्यांचा समाचार घेत होत्या. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. मी वहीत "तपासणी पूर्ण, काटा बिनचूक" असं लिहिलं, कारण माझ्या हाताला तेच वाक्य येतं. त्या दिवशी मी टाकीसमोर बसून एकट्यानेच इतका हसलो की मामा विचारायला आले.

राहिला प्रश्न फक्त माणसांचा. दिवाळी समोर होती. हंगामाच्या आधीचा माझा दौरा सात दिवसांचा आणि तिथून परस्पर पुण्याला मुलीकडे जायचं होतं, बायकोही तिकडेच येणार होती. एकूण सोळा दिवस घर बंद. तेही दिवाळीत, जेव्हा या बिल्डिंगमध्ये दर तासाला कुणीतरी कुणाच्यातरी घरी फराळाचं ताट घेऊन जातं. किल्ली कुणालाच दिली नाही तर पाण्यात भर कोण घालणार? रोज दोन मिलिमीटर पाणी उडत होतं. सोळा दिवसांत सव्वातीन सेंटिमीटर. आणि मामांना किल्ली नाकारली असती तर त्यांच्या मनाला लागलं असतं.

उत्तर वरच्या मजल्यावर होतं. तिथे अक्का राहतात, सत्तरीच्या जैन बाई, शिरोळकडच्या. त्याच भाद्रपदात त्यांनी दशलक्षण पर्वात दहा दिवस नुसत्या पाण्यावर उपास केला होता आणि अकराव्या दिवशी उपास सोडला तेव्हा, म्हणजे पारण्याला, सगळी बिल्डिंग वर गेली होती. मामाही गेले होते. जन्मभर लोकांना खाऊ घालणारा तो माणूस दारात हात जोडून उभा राहिला आणि खाली येताना मला म्हणाला, दहा दिवस, सायेब. मला दहा तास निघत न्हाईत.

मी अक्कांकडे गेलो आणि काम सांगितलं. सोळा दिवस माझ्या माशांना कुणी काही घालू नये, एवढंच.

अक्कांनी आधी मला सुनावलं. "जीव कोंडून ठेवणं मला पटत न्हाय, ते पहिलं सांगते. पण कोंडलासा तर कोंडलासा, वर आणि खायला घालून मारू नका."

मग त्या म्हणाल्या, "आणि त्या खाण्याच्या डब्याला मी हात लावणार न्हाय. माशाचाच भुगा असतोय त्यात. घरातनं लांब न्या तो."

मला इतका आनंद झाला की चहा हातातच राहिला. साऱ्या कोल्हापुरात शोधून असा राखणदार मिळाला नसता. खाद्याच्या डब्याला जो हातच लावणार नाही! पाण्याचं सांगायला लागलो, तर त्यांनी मला मधेच थांबवलं. त्या चाळीस वर्षं रोज पाणी गाळून वापरतात, मला काय शिकवता असं त्यांचं म्हणणं. दिवसाआड गाळलेलं, आदल्या दिवसाचं शिळं पाणी पाऊण लिटर घालायचं ठरलं. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून खुणेची पद्धत ठरवली. रोज सकाळी सातला एक मिस्ड कॉल. मिस्ड कॉल आला म्हणजे सगळं ठीक, मी उचलायचा नाही. मासे मेले तर कॉल करायचाच नाही.

निघताना मी मामांना किल्ली अक्कांकडे दिल्याचं सांगितलं, जरा घाबरतच. माशांचा सोळा दिवसांचा उपास आहे, म्हणालो. मामांनी डोळे मोठे केले आणि वरच्या मजल्याकडे बघून हात जोडले.

पहिल्या सकाळी सातला मी हातकणंगल्याच्या पुढे एका कारखान्याच्या गेटवर होतो. फोन वाजला आणि बंद झाला. मी तिथल्या वॉचमनला उगाच जिलेबी आणायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी वाजला, तिसऱ्या दिवशी वाजला. दहा दिवस सकाळी सातला माझा फोन एकदा वाजायचा आणि मी दिवसभर शीळ घालत हिंडायचो. पुण्यात तर मुलगी, बायको आणि मी तिघेही चहा घेऊन फोनभोवती बसायचो. बायको कांद्यांचा विषय काढत नव्हती, पण सातला पाच मिनिटं असताना ती स्वयंपाकघरातून बाहेर येते, हे मी टिपून ठेवलं होतं.

अकराव्या दिवशी दोन मिस्ड कॉल आले.

एक म्हणजे सगळं ठीक. शून्य म्हणजे मासे मेले. दोन म्हणजे काय, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढी मोठी फट कुठल्या पद्धतीत सोडली नव्हती. मी मामांना फोन लावला. ते म्हणाले, "मला काय म्हाईत सायेब? लाडू घेऊन गेलतो, तर अक्कांनी दारातनंच परत घालवलं. उपास हाय म्हणाल्या, पारण्याच्या दिवशी या."

बाराव्या दिवशी पुन्हा दोन. तेराव्या दिवशी दोन. मुलगी म्हणाली, निम्मे गेले असतील. बायको म्हणाली, निम्मे गेले तर कॉल अर्धा यायला हवा. आम्ही तिघे इतके हसलो की खालच्या मजल्यावरून कुणीतरी फराळ घेऊन वर आलं. पण आतून माझा जीव टांगणीला लागला होता. सोळाव्या दिवशी पहाटे आम्ही पुण्याहून निघालो. वाटेत कराडला बायकोने गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला पाच किलो कांदे घेतले. स्वस्त आहेत, म्हणाली. मी ती पिशवी डिकीत ठेवली आणि गाडी पुन्हा कोल्हापूरच्या वाटेला लावली.

जिना चढून वर आलो तर आमच्या दारात गर्दी होती. अक्का मध्यभागी खुर्चीवर बसल्या होत्या, किल्ली कमरेला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून उभे. बिल्डिंगमधल्या बाकीच्या घरांचीही माणसं होती. बायकोने माझा दंड धरला. तिला काय वाटलं ते मला कळलं, कारण मलाही तेच वाटलं होतं.

"या," अक्का म्हणाल्या. "पारण्याला सगळे थांबल्यात."

त्यांनीच कुलूप उघडलं. मी "आलो" म्हणायच्या आत मामा आत शिरले. टाकीच्या झाकणाला अक्कांनी पांढरा दोरा गुंडाळून सात गाठी मारल्या होत्या. मी खाली वाकलो. पाणी स्वच्छ होतं. सहाही गप्पी काचेपाशी आल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मी दोनदा मोजल्या. मग हायड्रिलामधून एक ठिपका हलला. त्याच्यामागे दुसरा. मग माझ्या लक्षात आलं की ते ठिपके नाहीत, त्यांना डोळे आहेत.

"अकराव्या दिवशी जन्मली," अक्का म्हणाल्या. "एक फोन मोठ्यांचा, एक बारक्यांचा."

बायको टाकीसमोर फरशीवरच बसली. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात, पाणवनस्पती दाट असली की ती लपून वाचतात, असं ती सगळ्यांना सांगायला लागली. तिचा आवाज वर्गातला झाला आणि बिल्डिंग वर्गासारखी ऐकत राहिली. मी दोऱ्याच्या गाठी सोडल्या, बॅगेतून खाद्याचा डबा काढला आणि खिशातला काटा टेबलावर ठेवला. अक्का दोन पावलं मागे सरकल्या.

मामा म्हणाले, "सायेब, मी घालू? सोळा दिवस सराव केलाय, मिठावर."

मी काटा शून्य केला. मामांनी श्वास रोखला, तीनच बोटं घातली आणि कागदावर सोडली. शून्य पूर्णांक शून्य सात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पारणं झालं. मामांनी लाडवाचा डबा उघडला, पण माणसांसाठी.

मग मोजणी सुरू झाली, ती अजून संपलेली नाही. माझी मोजणी तेवीस पिल्लांची आहे. बायको सव्वीस म्हणते. अक्कांचा हिशेब एकवीसचा आहे आणि मामा बघतात तेव्हा पस्तीसच्या खाली येत नाहीत. त्या दिवशी मी सात वेळा मोजलं आणि सात वेगळे आकडे आले, कारण पिल्लं हलायची थांबत नाहीत. साठ टनांच्या काट्यावर दहा किलोची चूक मला खपत नाही. इथे मी वहीत "अंदाजे पंचवीस" असं लिहिलं. त्या वहीत "अंदाजे" हा शब्द पहिल्यांदाच आला.

संध्याकाळी बायकोने डिकीतली पिशवी वर आणली आणि कांदे ओट्याखालच्या जुन्या टोपलीत ओतले. मावले नाहीत. चार-पाच फरशीवर घरंगळले, तसेच राहू दिले आणि ती पुन्हा टाकीसमोर जाऊन बसली, एक बोट काचेवर ठेवून मोजत.